तुमचं आउलबेअर चॉकलेटच्या गोळ्यासारखं का दिसतं

प्रश्न असा आहे: ‘आम्ही पाच मित्र दर रविवारी नाशिकच्या इंदिरानगरला एकाच्या घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा टेबलावरचा काल्पनिक साहसांचा खेळ खेळतो. त्यातल्या माणसांच्या छोट्या मूर्ती, म्हणजे मिनी, रंगवायला मला बऱ्यापैकी जमतात. पण थ्रीडी प्रिंट करून आणलेलं आउलबेअर, म्हणजे घुबडाच्या तोंडाचं अस्वल, रंगवलं, तर ते चॉकलेटच्या गोळ्यासारखं दिसतंय. चार वेगवेगळे तपकिरी वापरले, वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिला, ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग) केला, तरी तेच. पुढे ट्रोल हा राक्षस आणि ड्रॅगन रांगेत आहेत. मोठी मूर्ती खरं तर सोपी जायला हवी ना? आणि या पावसात प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, मारायचा कसा?’

मोठी मूर्ती सोपी, असं सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतं. मोठा ब्रश चालेल, हात जरा हलला तरी चालेल. पण माणसाच्या मिनीवर निम्मं काम शिल्पकाराने आधीच करून ठेवलेलं असतं. चेहरा, केस, अंगरखा, पट्टा, तलवार, बूट, प्रत्येकाची हद्द कोरलेली. तुम्ही त्या हद्दीत वेगळा रंग भरलात की मूर्ती वाचता येते. राक्षसाच्या अंगावर कपडेच नसतात. मानेपासून शेपटीपर्यंत एकच कातडी किंवा एकच केसाळ पाठ. तिथे नजरेला थांबायला जागा रंगवणाऱ्याने करून द्यावी लागते.

तुमच्या आउलबेअरचा मोबाइलने फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करून बघा. मला खात्री आहे, चोच, पिसं, केस आणि नखं सगळं एकाच राखाडीत विरघळलेलं दिसेल. तपकिरी चार असले तरी चारही उजेडाच्या एकाच पायरीवर आहेत. त्यावर सगळीकडे वॉश दिल्याने सगळं सारखंच काळवंडलं, आणि सगळीकडे ड्रायब्रश केल्याने सगळं सारखंच उजळलं. मेहनत गेली, फरक पडला नाही. म्हणून राक्षस हातात घेतला की डबीतला रंग कोणता, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. उजेड कुठून येतोय हे पहिलं, आणि हे जनावर कोणत्या खऱ्या जनावरासारखं आहे हे दुसरं.

उजेडाचं काम प्रायमरलाच उरकता येतं. आधी सगळी मूर्ती काळी. मग तिरप्या वरच्या कोनातून राखाडी. मग अगदी डोक्यावरून थोडा पांढरा. याला झेनिथल म्हणतात, म्हणजे माथ्यावरच्या सूर्याचा उजेड. स्प्रे नसेल तर हेच ड्रायब्रशने होतं: काळ्यावर राखाडी सुका ब्रश वरून खाली, शेवटी पांढरा फक्त माथा, खांदे आणि नाकाच्या शेंड्यावर. आता मूर्ती टेबलावर ठेवून तीन फुटांवरून बघा. एकही रंग न लावता तुम्हाला तिचा आकार स्वच्छ दिसला पाहिजे. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका, पांढरा अजून एक हात द्या.

आता जनावर. इथे एक पेच आहे आणि तो समजला की राक्षसांचं बरंच कोडं सुटतं. वरून उजेड म्हणजे पाठ उजळ आणि पोट गडद. पण निसर्गात बहुतेक जनावरांची रंगसंगती उलटी असते. बेडूक, सरडा, हरिण, मासा, सगळ्यांची पाठ गडद आणि पोट फिकट. वरून पडणारा उजेड आणि अंगचा रंग एकमेकांना खोडतात, जनावर सपाट दिसतं आणि शिकाऱ्याच्या नजरेतून सुटतं. जनावराला लपायचं असतं. आपल्याला मात्र ते टेबलावर उठून दिसायला हवंय, तरी खरंही वाटायला हवंय. मी हे असं सोडवते: अंगचा रंग निसर्गासारखा, उजेड सूर्यासारखा. पाठ गडद रंगाची, पण तिच्या उंचवट्यांवर ठळक उजळ कडा. पोट फिकट पिवळसर, पण त्या पिवळसरातच खाली जाताना थंड, जांभळट सावली. पोटाला पाठीचाच रंग पांढरा मिसळून लावू नका. ते चुना फासल्यासारखं दिसतं.

तुमच्या आउलबेअरकडे येते. हा प्राणी मुळात एका स्वस्त प्लास्टिकच्या खेळण्यातून जन्मला. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं. त्याचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांना हाँगकाँगच्या बनावटीच्या विचित्र प्राण्यांची एक पिशवी मिळाली होती. आउलबेअर, रस्ट मॉन्स्टर आणि बुलेट हे तीन राक्षस त्या खेळण्यांवरूनच सुचले. त्यामुळे हे असंच रंगवायचं, असा कुठलाही पवित्र नियम नाही. चित्रांत ते तपकिरी दिसतं म्हणून आपण तपकिरी करतो, इतकंच.

मी ते आपल्याकडची दोन जनावरं घेऊन करते. धड आपल्या अस्वलाचं: काळे लांब केस, छातीवर इंग्रजी व्हीच्या आकाराचा मळका पांढरा पट्टा. तोंड गव्हाणी घुबडाचं: बदामाच्या आकाराचा पांढरा चेहरा, भोवती सोनेरी-तपकिरी कडा. बघा, न मागता तुम्हाला काय मिळालं. काळ्या धडावर पांढरा चेहरा आणि छातीवर दुसरी पांढरी खूण. ब्लॅक अँड व्हाइट फोटोतही हे जनावर ओळखू येईल. एका बाबतीत मी निसर्ग सोडते. गव्हाणी घुबडाचे डोळे काळेभोर असतात, आणि मिनीच्या मापात ते दोन भोकं वाटतात. म्हणून डोळे शृंगी घुबडाचे, नारिंगी.

आधीचा तपकिरी रंग धुऊन काढू नका. थ्रीडी प्रिंटच्या रेझिनची मूर्ती अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवली तर बारीक बोटं आणि पिसांची टोकं ठिसूळ होऊ शकतात. तुम्ही दिलेले रंगाचे थर पातळ असतील तर वरूनच पुन्हा काळा प्रायमर ब्रशने द्या.

काळे केस काळ्या रंगाने रंगवू नका. तीन भाग काळा, एक भाग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि ब्रशच्या टोकावर येईल एवढा गडद निळा. हा झाला पायाचा रंग. गोदेकाठी पाण्यातून नुकती बाहेर आलेली म्हैस आठवा. तिला आपण काळी म्हणतो, पण ओल्या पाठीवर आकाशाचा निळसर राखाडी पट्टा असतो, वाळलेल्या कुशीवर धुळीचा तपकिरी राखाडी, आणि कानांच्या आत चक्क गुलाबीसर. तेच इथे करायचं. पाठीच्या वरच्या केसांवर निळसर राखाडी ड्रायब्रश, पायांकडे आणि पोटाकडे मातकट राखाडी. दोन राखाडींमधला हा थंड-गरम फरक अगदी थोडा असतो, पण काळा गोळा त्यानेच जनावर होतो.

ड्रायब्रश करताना ब्रश केसांच्या दिशेने ओढू नका, आडवा फिरवा. केसांच्या दिशेने गेलात तर रंग खाचेत उतरतो, आडवा गेलात तर फक्त उंचवट्याला लागतो. त्यासाठी मेन रोडवर मिळणारा साधा गोल मेकअपचा ब्रश घ्या. हॉबीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या महागड्या ब्रशइतकंच काम तो करतो. रंग टिश्यूवर इतका पुसा, की ब्रश तळहाताच्या रेषांवर फिरवला तर रेषांच्या कडा जेमतेम पांढरट व्हाव्यात. पावसाळ्यात टिश्यूही दमट असतो, म्हणून मी पुठ्ठ्याचा तुकडा वापरते.

पिसं आणि केस जिथे मिळतात तो मानेचा भाग तुमच्या मूर्तीत बहुतेक एका रेषेत तुटलेला असेल. तिथे सोनेरी-तपकिरीचे बारीक फराटे काळ्यात उतरवा आणि काळ्याचे दोन-चार पिसांत चढवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते राहिलं तर घुबडाचा मुखवटा घातलेलं अस्वल दिसतं.

डोळ्यांबद्दल मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण माझं शिक्षण तिथून सुरू झालं. शाळा-कॉलेजच्या उन्हाळी सुट्ट्या मी मामाच्या गणपतीच्या कारखान्यात काढल्या. तिथे रंगकाम कोणीही करायचं, पण डोळ्यांची आखणी मामा स्वतः करायचा. त्याचा उजवा हात कधी हवेत नसे. करंगळी मूर्तीच्या गालावर टेकलेली, मनगट पाटावर, आणि हलायची ती मूर्ती. डाव्या हाताने तो पाट फिरवायचा आणि रेघ आपोआप वळायची. श्वास सोडताना रेघ ओढायची, घेताना थांबायचं. मी मिनीचे डोळे अजून असेच करते. मूर्ती औषधाच्या रिकाम्या बाटलीवर चिकटवून डाव्या मुठीत धरते, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवते, आणि बाटली फिरवते.

क्रम असा. खोबणीत आधी गडद तपकिरी, काठाबाहेर थोडा गेला तरी चालेल. त्याच्या आत नारिंगी, पण कडेने तपकिरीची केसाएवढी रेघ राहिली पाहिजे. ती रेघ म्हणजेच डोळ्याचं काजळ. ती गेली की डोळा बटणासारखा दिसतो. नारिंगीच्या खालच्या अर्ध्यात पिवळा, कारण उजेड वरून येऊन बुबुळाच्या तळाशी साठतो. मग काळी बाहुली, आणि तिच्या वरच्या कडेला पांढऱ्याचा एक टिंब. बाहुल्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिशेला, शक्यतो किंचित खाली बघणाऱ्या. आउलबेअर दोन इंची बेसवर उभं असतं, समोरचा माणूस एक इंचीवर. राक्षसाने त्याच्याकडेच बघायला हवं.

चेहऱ्याला मी एकूण वेळेचा तिसरा हिस्सा देते, आणि ते पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांचा उत्सव, बघून शिकले. रात्री, टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर सोंगं येतात. मुखवटा रंगवणाऱ्याला माहीत असतं की बघणारा लांब बसलाय आणि उजेड हलतोय. म्हणून डोळ्यांभोवती जाड काळी कड, ओठ एका रंगात, दात वेगळे आणि मोठे. जवळून तो मुखवटा भडक वाटतो, पण मैदानाच्या टोकावरून रावण रावण म्हणून ओळखू येतो. तुमचं टेबलही तसंच आहे. पाच जण, बसल्या जागेवरून दोन-तीन फूट अंतर, डोक्यावर एक ट्यूबलाइट. हातात धरून भिंगाखाली छान दिसणारे हळुवार मिश्रण तिथे दिसतच नाही. कडा तुम्हाला रुचते त्याहून एक पायरी ठळक ठेवा.

रंगांना खोली द्यायला राक्षसांसाठी माझा सगळ्यात आवडता उपाय ऑइल वॉश आहे. ॲक्रिलिकचं काम पूर्ण वाळू द्या, त्यावर वॉर्निशचा एक हात द्या आणि तोही वाळू द्या. मग साधा कॅम्लिनचा ऑइल कलर, बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, बिनवासाच्या थिनरमध्ये चहाइतका पातळ करा आणि सुरकुत्यांत सोडा. तो स्वतः खाचेतून पळतो. अर्ध्या-पाऊण तासाने मेकअपच्या स्पंजने किंवा कापसाच्या काडीने उंचवट्यांवरचा पुसून घ्या, खालून वर नव्हे, वरून खाली, म्हणजे पावसाचे ओघळ पडतात तशा खुणा राहतात. ॲक्रिलिक वॉश वाळताना कडेला डाग सोडतो आणि मोठ्या पाठीवर ते डाग लपत नाहीत. ऑइलमध्ये चुकलं तर थिनरने पुसून पुन्हा करता येतं. मात्र पावसाळ्यात त्याला पूर्ण वाळायला तीन-चार दिवस द्या, आणि खिडकी उघडी ठेवून काम करा.

२०१९ पासून कॉन्ट्रास्ट प्रकारचे एका हातात सावली-उजेड देणारे रंग आले आहेत. केसांवर आणि खवल्यांवर ते सुरेख बसतात. ड्रॅगनच्या पंखांवर किंवा ट्रोलच्या गुळगुळीत पोटावर वापरू नका, डबकी साचतात.

आता पाऊस. एका जुलैत मी गच्चीच्या दारात उभं राहून चार मूर्तींवर स्प्रे प्रायमर मारला. बाहेर भुरभुर चालू होती. वाळल्यावर चारही मूर्तींवर बारीक रव्यासारखं काहीतरी बसलेलं, आणि त्यातल्या एका ड्रॅगनचे खवले कायमचे बुजले. दमट हवेत स्प्रेचे थेंब पृष्ठभागावर सपाट पसरण्याआधीच बिघडतात आणि रंग खरखरीत बसतो. वॉर्निशचं त्याहून वाईट: ते पांढुरकं धुकं होऊन बसतं. तेव्हापासून माझ्या टेबलावर छोटं आर्द्रतामापक आहे आणि ६५ टक्क्यांच्या वर मी डबा उघडत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर याचा अर्थ स्प्रे जवळजवळ बंद. त्या काळात ब्रशने लावायचा पॉलियुरेथेन प्रायमर घ्या. दोन पातळ हात, मध्ये एक तास, आणि मग चोवीस तास मूर्तीला हात लावायचा नाही. लवकर घासलंत तर तो साल निघावी तसा निघतो. सलग दोन दिवस उघडीप मिळाली की मी स्प्रेच्या सगळ्या मूर्ती एकदम उरकून घेते.

हार्डवेअरच्या दुकानातला गाड्यांचा राखाडी स्प्रे रेझिनवर चालतो. प्लास्टिकच्या मूर्तीवर मारण्याआधी त्याच प्लास्टिकच्या, भाग ज्यातून कापून काढतो त्या चौकटीच्या तुकड्यावर मारून बघा, कारण काही थिनर प्लास्टिक विरघळवतात. मऊ, वाकणाऱ्या पीव्हीसीच्या मूर्तींवर स्प्रे टाळाच. काही वेळा तो महिनोन्‌महिने चिकटच राहतो.

थ्रीडी प्रिंटचं एक सांगणं गरजेचं आहे. मूर्ती हाताला चिकट लागत असेल तर रेझिन पूर्ण पिकलेलं नाही. हातमोजे घालून अल्कोहोलने धुवा, पूर्ण सुकवा, मग उन्हात किंवा यूव्ही दिव्याखाली ठेवा. कच्च्या रेझिनची कातडीला ॲलर्जी जडू शकते आणि ती जन्मभर पिच्छा सोडत नाही. प्रिंट करताना लागणाऱ्या आधारकाड्यांच्या खुणा ४०० आणि मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्याखाली घासा, कोरडी धूळ नाकात जाऊ देऊ नका. सांधे एम-सीलने भरा. घट्ट होण्याआधी ओल्या टूथपिकने त्यात केसांच्या रेघा ओढता येतात.

ब्रश सिंथेटिकच घ्या: दोन नंबरचा एक, शून्य नंबरचा एक. त्याहून बारीक नको, त्यावर रंग डोळ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो. कोणी मुंगसाच्या केसांचा ब्रश देऊ केला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगूस संरक्षित आहे, आणि एका किलो केसांसाठी कितीतरी जनावरं मारली जातात. ब्रशला टोक काढायला तो तोंडात घालायची सवयही लावून घेऊ नका.

वेट पॅलेट, म्हणजे रंग ओला ठेवणारी पाटी, घरीच होतो: झाकणाचा सपाट डबा, त्यात ओला स्पंज, वर बेकिंगचा कागद. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर दोन तासांत सुरकुततो, तो नको. एप्रिल-मे महिन्यात याशिवाय इथे काम अशक्य आहे. पावसाळ्यात मात्र चार दिवसांत त्यात बुरशीचा वास येतो. मी स्पंजखाली भांडी बाजारातून आणलेली तांब्याच्या पत्र्याची एक पट्टी ठेवते आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलते. पाणी फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्याने वॉश वाळल्यावर पांढरे वर्तुळाकार डाग राहतात, आणि ते काळ्या केसांवर आधी दिसतात.

ड्रॅगनचे पंख रंगवण्याआधी एखाद्या द्राक्षबागेत जाऊन पान उन्हासमोर धरा. वरून बघितलं तर पान निळसर हिरवं असतं, मागून उजेड आला की तेच पिवळं होतं, आणि शिरा गडद उठतात. पंखाचा पडदा तसाच: हाडाजवळ गडद आणि थंड, मधल्या पातळ भागात उबदार. लाल ड्रॅगन असेल तर मध्यभागी नारिंगी, कडेला पुन्हा गडद. ग्लेझचे, म्हणजे खालचं दिसू देणाऱ्या रंगाचे, पाच-सहा पातळ हात लागतात, घाई करू नका.

शेवटी वॉर्निश. सगळ्या मूर्तीला ब्रशने मॅट (बिनचमकीचं) द्या, खेळात हाताळून रंग उडतो तो शिंगांच्या टोकांवरून. मग डोळे, जीभ, नाकाचा शेंडा आणि लाळ यांवर ग्लॉस (चमकदार). मॅट अंगावर ओला डोळा लगेच जिवंत होतो.

ट्रोल मात्र आत्ताच सुरू करा, कारण त्याचा नमुना याच दिवसांत मिळतो. पहिल्या जोरदार पावसानंतर गावाबाहेरच्या साचलेल्या शेतांत मोठे बेडूक जमतात. मादीला बोलावणारा नर अख्खा हळदीसारखा पिवळा होतो आणि आवाज काढताना गळ्याच्या दोन बाजूंना गडद निळे फुगे फुगतात. पाठीवर ऑलिव्ह रंगाचे अस्पष्ट पट्टे, पोट मलईसारखं, आणि सगळ्यावर ओलीची चमक. ट्रोलच्या गळ्याला ते निळं देऊन बघा, बाकी अंग मळकट पिवळं. आठ-नऊच्या सुमाराला टॉर्च घेऊन जा, बांधावरूनच बघा आणि गमबूट घाला, कारण त्याच बेडकांच्या मागे सापही निघतात.